धाव बदलताना

मराठीत ‘धाव’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पळण्याचा, तो सर्वांना ठाऊक आहे. दुसरा अर्थ आता शब्दकोशात आणि खेड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात तेवढा उरला आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जो लोखंडी पट्टा चढवतात, त्याला धाव म्हणतात. चाक जमिनीला टेकते ते धावेवर. दगडगोटे, खाचखळगे, चिखल सगळे तिने सोसायचे आणि आतल्या लाकडाला जपायचे. आज टायर जे काम करतो, ते काम पिढ्यान्‌पिढ्या धावेने केले.

धाव झिजते, टायरही झिजतो. झिजला की बदलावा लागतो, आणि बदलायचा म्हटले की कोणता घ्यायचा, हा प्रश्न येतो. वरवर पाहता हा दुकानातला प्रश्न आहे. पण गेल्या दीडशे वर्षांत नागपूरच्या आसपासच्या मुलुखात या प्रश्नाची जी उत्तरे दिली गेली, ती ओळीने मांडली तर त्यात कापूस येतो, रेल्वे येते, महायुद्ध येते, कायदाही येतो. उत्तर देताना कुणी रस्त्याचा विचार केला, कुणी मालाचा, कुणी पैशाचा. गाडी ओढणाऱ्याचा आणि गाडीत बसणाऱ्याचा विचार मात्र बहुधा शेवटी झाला. हा इतिहास सांगावासा वाटतो तो त्यासाठीच.

आमच्या विदर्भात बैलगाडीला बंडी म्हणतात. माणसांना नेण्यासाठी दमणी, हलक्या कामाला छकडा किंवा रेंगी, आणि कापूस, धान्य, कडबा वाहायला बंडी. बंडीचे चाक ही सुताराच्या कसबाची परीक्षा असे. मध्ये तुंबा, तुंब्यातून निघालेले आरे आणि आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले पुठ्ठे, म्हणजे परिघाचे बाकदार तुकडे. चाकाला बाभूळ, तिवस असे चिवट लाकूड लागे. आसासाठी धावडा चांगला. हे सगळे तुकडे एकमेकांत खाचा पाडून बसवलेले असत. त्यांना एकत्र धरून ठेवणारी शेवटची गोष्ट म्हणजे धाव.

धाव चढवणे हा गावातला एक सोहळाच होता. लोहार आधी चाकाचा घेर मोजी आणि धाव त्या घेरापेक्षा किंचित लहान करी. मग ती गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायची. ५ फूट व्यासाच्या चाकाचा घेर पावणेसोळा फुटांच्या जवळपास भरतो. एवढ्या लांबीचा लोखंडी पट्टा ६०० अंशांपर्यंत तापला की सव्वा ते दीड इंच वाढतो. तेवढ्या वाढीच्या आधाराने दोघेतिघे सांडशीने धाव उचलून चाकावर बसवत. घणाचे ठोके पडत, लाकडातून धूर निघे आणि लगेच वर पाणी ओतले जाई. लोखंड आकसून सगळे सांधे करकचून आवळले जात.

यात निवड होती, आणि ती अवघड होती. धाव फार लहान केली तर आकसताना चाक वाकडे होई, आरे तडकत. फार मोठी केली तर चार कोसांवर निसटून पडे. पातळ घेतली तर लवकर झिजे, जाड घेतली तर तिचेच वजन बैलांच्या मानेवर. म्हणून लोहार आधी विचारून घेई: गाडी काय वाहणार, शेतातच फिरणार की पेठेला जाणार, चाकाचे लाकूड वाळलेले आहे की ओले. नागपूरच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसे आणि बसवलेली धावही सैल होई. मग शेतकरी बंडी नदीच्या पाण्यात उभी करून ठेवीत. लाकूड पाणी पिऊन फुगे, धाव पुन्हा घट्ट बसे. वापरापेक्षा नुसते उभे राहण्यानेच चाक बिघडते, हे त्यांना पक्के माहीत होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे रबरी टायरच्या संदर्भात ती पुन्हा येणार आहे.

सुतार, लोहार ही गावची बलुतेदार मंडळी. सुगीला धान्याच्या रूपात त्यांचा मोबदला मिळे. बाहेरून येणारे घिसाडी पाल ठोकून लोखंडाची कामे करून जात. बैलांच्या खुरांना पत्र्या मारायला नालबंद येई. अनेक गावांत हा नालबंद मुसलमान असे, आणि पोळ्याला त्याच्या हातून गेलेला बैल सजून मिरवताना त्यालाही आपल्या कामाचा अभिमान वाटे. एका चाकाभोवती असा सगळा गाव उभा होता. ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण याच गाडीतून आली. नळा म्हणजे वंगण ठेवायची नळी, गाडीखाली लटकणारी. गाडी पंढरीला निघाली की तिचीही आपोआप वारी घडे.

या गावगाड्याला पहिला मोठा धक्का बसला तो कापसाने. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून मिर्झापूरपर्यंत जात असे. वंजाऱ्यांचे तांडे हा माल वाहत. पक्के रस्ते नसल्यामुळे अशा लांबच्या मजलेला चाकापेक्षा बैलाची पाठच भरवशाची होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आता कापूस मिर्झापूरला न्यायचा नव्हता. गावातून जवळच्या स्टेशनापर्यंत, जिनापर्यंत किंवा गिरणीपर्यंत नेला की झाले. हे काम बंडीचे. रेल्वे आली म्हणून बैलगाडी मागे पडली असे आपण समजतो. प्रत्यक्षात रेल्वेने बंडीचे काम वाढवले.

स्टेशनांकडे जाणारे खडीचे रस्ते तयार झाले. खडी पसरायची, मुरूम टाकायचा, पाणी मारायचे आणि रूळ फिरवायचा. या रस्त्यावर लोखंडी धावेची बंडी चालू लागली आणि रस्ता व गाडी यांचे वैर सुरू झाले. हिशेब सोपा आहे. भरलेल्या बंडीचे निम्मे वजन एका चाकावर येते, आणि ते चाक जमिनीला टेकते जेमतेम दीड-दोन इंच रुंदीच्या पट्टीवर. एवढ्याशा जागेवर पाच-सहा क्विंटलांचा भार आला की खडीचा चुरा होतो. एक गाडी गेली की तिच्या मागची त्याच रेषेतून जाते, कारण तिथे वाट मोडलेली असते. रेषेची घळ होते. तिलाच आपण चाकोरी म्हणतो. चाकोरीबद्ध जीवनावर आम्ही कवी मंडळींनी पुष्कळ लिहिले आहे. पण रस्ते बांधणाऱ्याला चाकोरी म्हणजे दरवर्षीचा दुरुस्तीचा खर्च होता.

हा तंटा आपल्याच देशातला नव्हे. इंग्लंडमध्ये १७५३ साली रुंद चाकांचा कायदा झाला होता. पथकर घेणाऱ्या रस्त्यांवर जड मालगाड्यांची चाके किमान ९ इंच रुंद असावीत, असा त्याचा रोख होता. रस्ता मऊ आहे, तेव्हा चाकाने पसरट व्हावे, ही त्यामागची भूमिका. त्यानंतर मॅकॅडमसारख्या रस्ते बांधणाऱ्यांनी उलट बाजू मांडली: रस्त्यानेच वाहतूक पेलली पाहिजे. चाकाने रस्त्याप्रमाणे बदलायचे की रस्त्याने चाकाप्रमाणे, हा वाद तेव्हापासून चालत आला आहे.

आपल्याकडे मोटारी आल्यावर तो पेटला. लोखंडी धाव खडीचा चुरा करी आणि त्यामागून येणारी वेगवान मोटार तो चुरा धुळीच्या रूपाने उडवून नेई. दोघांनी मिळून रस्त्याची वाट लावली. १९२७ मध्ये सरकारने रस्त्यांच्या प्रश्नावर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर. हेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९२८ मध्ये समितीचा अहवाल आला. पेट्रोलवरच्या करातून रस्त्यांसाठी निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. या अभियंत्यांपुढे बैलगाडी हा मोठाच प्रश्न होता. तिला रस्त्यावरून हाकलता येत नव्हते, कारण देशाचा माल तीच वाहत होती. रस्त्यात काँक्रीटचे दोन पट्टे घालून चाके त्यावरून चालवावीत, असेही प्रयोग झाले. दुसरा उपाय म्हणजे धावच बदलून टाकायची. लोखंड काढून रबर बसवायचे.

रबराची कथा आधीच पुष्कळ पुढे गेली होती. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक. त्यात गंधक मिसळून तापवले तर ते टिकाऊ होते, हे अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये शोधले. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये हवेच्या धावेचे पेटंट घेतले. पण त्या काळी सायकल नव्हती, मोटार नव्हती, गिऱ्हाईकच नव्हते. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलपने तीच कल्पना पुन्हा अमलात आणली. हा गृहस्थ धंद्याने जनावरांचा डॉक्टर होता. मुलाच्या तीनचाकी सायकलला बसणारे हादरे कमी करावेत म्हणून त्याने हवा भरलेली नळी चाकावर चढवली. त्याच्या नावाच्या कंपनीने १९३६ मध्ये बंगालमधल्या हुगळीकाठच्या साहागंजला कारखाना काढला. पुढे तिने बैलगाडीसाठी खास टायर आणले. उत्तर हिंदुस्थानात रबरी चाकाच्या बैलगाडीचे नावच ‘डनलप’ पडले. तो साहागंजचा कारखाना आता बंद आहे. शब्द मात्र राहिला.

रबरी टायर बैलाच्या हिताचा होता का? बऱ्याच अंशी होता. हवेचा टायर जमिनीवर तळहाताएवढा पसरतो, मऊ मातीत कमी रुततो, खड्ड्यातला धक्का गिळतो. तो धक्का पूर्वी जुवातून थेट बैलाच्या खांद्यावर जाई. पण सगळीकडे सारखाच फायदा नव्हता. अगदी टणक आणि सपाट वाटेवर लोखंडी चाकही हलके चालते. आगगाडी हेच दाखवते. आणि आमच्या काळ्या कापसाच्या जमिनीत, पावसाळ्यात गुडघाभर चिखल झाला की पाच फुटी उंच चाकाला जी वाट मिळे, ती ठेंगण्या टायरला मिळेलच असे नाही. शिवाय उतारावर टायरची गाडी इतकी सहज पळते की ब्रेक नसेल तर सगळा भार बैलांच्या अंगावर येतो. म्हणजे एकच टायर डांबरी सडकेला बरोबर आणि पांदण वाटेला चूक ठरू शकतो. लोहार जे प्रश्न विचारी, ते इथेही विचारायला हवे होते.

नेमक्या याच काळात नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्याला, आणखी एक कसोटी तयार होत होती. १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि जे. सी. कुमारप्पा मगनवाडीत त्याचे काम पाहू लागले. गावाची गरज शक्यतो गावातच भागावी, गावचा पैसा आणि गावचे कसब गावाबाहेर वाहून जाऊ नये, हे त्यांच्या विचाराचे सूत्र. ही कसोटी टायरला लावून पाहा. लाकूड जवळच्या रानातले, लोहार गावातला, गोवऱ्या घरच्या. धावेत बाहेरून येई ते फक्त लोखंड. टायरचे रबर, कापड, साचा सगळेच बाहेरचे. तो फाटला तर लोहार काही करू शकत नाही. बैलाचे ओझे हलके झाले, पण सुतार आणि लोहार यांच्या चुली थंडावल्या. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. त्यांतले एकच सांगणारा माणूस अर्धा इतिहास सांगतो.

मग महायुद्ध आले. १९४२ च्या सुरुवातीला जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज जिंकले आणि जगाला रबर पुरवणारे बहुतेक मळे त्याच्या हाती गेले. टायर मिळणे दुरापास्त झाले. रबर म्हणजे किती लांबचा आणि किती नाजूक धागा आहे, हे तेव्हा सगळ्यांना कळले. अशा दिवसांत, डिसेंबर १९४३ मध्ये, देशभरातल्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते एका परिषदेसाठी नागपुरात जमले. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. त्या परिषदेतून देशातल्या रस्त्यांची पहिली वीस वर्षांची योजना निघाली. तिला आजही ‘नागपूर योजना’ म्हणतात. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामरस्ते ही जी उतरंड आज आपण गृहीत धरतो, ती तिथे ठरली. सुपीक शेतीच्या भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा दूर राहू नये, हे तिचे एक उद्दिष्ट होते. या पाच मैलांत कोण चालणार होते? बंडीच. रस्त्यांची योजना आखणाऱ्यांनी बैलगाडीला नकाशावर जागा दिली. तिच्या चाकावर काय असावे, याचा निकाल मात्र पुढे बाजाराने लावला.

स्वातंत्र्यानंतर कायद्यानेही या विषयात हात घातला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखाली १९६५ मध्ये ओझ्याच्या जनावरांसाठी नियम झाले. त्यांतला एक तक्ता मला फार बोलका वाटतो. मध्यम आकाराच्या बैलाने दोन चाकी गाडीत किती ओझे ओढावे? हवेचे टायर नसतील तर ७०० किलो, टायर असतील तर १,०५० किलो आणि बॉल बेअरिंग असेल तर १,४०० किलो. लांब आणि खडा चढ असेल तर हे आकडे निम्म्यावर आणायचे. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त जुंपायचे नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ या वेळात अजिबात नाही. नागपूरचा एप्रिल-मे डोळ्यांपुढे आणा म्हणजे या नियमाची किंमत कळेल.

या तक्त्यात एक मोठी गोष्ट दडली आहे. टायर लावल्याने बैलाचे श्रम वाचले, तर ती वाचलेली ताकद कुणाची? कायद्याने ती ओझ्याच्या खात्यात जमा केली. टायर लावा आणि दीडपट भरा. व्यवहारात तर भरणाऱ्याने दीडपटीवरही थांबायचे कारण नव्हते. पश्चिम महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात हे ठळकपणे दिसले. दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे ऊसतोडीला जातात. त्यांच्यात ‘टायरवाले’ असा एक वेगळा वर्गच तयार झाला. कारखान्याची टायरगाडी, आपले बैल, नवरा-बायको तोडणार, भरणार, आणि रात्रीबेरात्री गाडी काट्यावर नेऊन रांगेत उभी करणार. मोबदला टनावर. त्यामुळे खेप जेवढी मोठी तेवढे बरे, असा हिशेब आपोआप झाला. लाकडी चाक मोडेल या भीतीने पूर्वी जे ओझे मर्यादेत राहत होते, ते टायरने मोकळे केले. चाक मोडत नाही म्हटल्यावर मोडणार ती बैलाची मान आणि माणसाची कंबर.

बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे संस्थापक संचालक एन. एस. रामस्वामी यांनी सत्तरच्या दशकात बैलगाडीचा गांभीर्याने अभ्यास केला, तेव्हा अनेकांना हसू आले होते. व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेने बैलगाडी मोजायची? पण त्यांनी दाखवून दिले की देशात दीड कोटींच्या घरात बैलगाड्या आहेत आणि ग्रामीण मालवाहतुकीचा मोठा भार त्या उचलतात. जू, आस, चाक आणि टायर यांचा एकत्र विचार केल्याशिवाय सुधारणा होणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. नुसता टायर बदलून गाडी सुधारत नाही, हे त्याचे सार.

आज बंडीची जागा बहुतांशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने घेतली आहे. ओढणारा बदलला, पण ओढली जाणारी गाडी तीच आणि धावेचा प्रश्नही तोच. ट्रॉलीचा टायर झिजला की मालक काय करतो? पुष्कळदा ट्रकचा उतरवलेला टायर आणतो, किंवा जुन्यावर रबर चढवून घेतो. राजस्थानात उंटगाड्यांना विमानाचे जुने टायर लावतात. आपल्याकडे वस्तू वाया जात नाही, ही चांगली सवय आहे. पण जुना टायर घेताना तो कशासाठी बनला होता आणि आता त्याच्याकडून काय काम घ्यायचे आहे, हे पाहायला हवे.

आमच्या मोहल्ल्यात एक वयस्कर पंक्चरवाले मिस्त्री होते. गिऱ्हाईक टायरचा भाव विचारी, तेव्हा ते आधी गाडीत काय भरणार ते विचारत. मला तर जुन्या लोहाराचाच तो वारसा वाटे. त्यांच्याकडून आणि इतर जाणकारांकडून जे ऐकले, त्यातले चार शब्द सांगतो, कारण ते प्रत्येक ओढल्या जाणाऱ्या गाडीला लागू आहेत. मग ती ट्रॉली असो, पाण्याचा टँकर असो, की २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून ज्याची चर्चा होते ते चाकांवरचे घर असो.

पहिली गोष्ट वजनाची. समजा, चार चाकी ट्रॉली रिकामी २ टनांची आहे आणि तीत ६ टन माल भरला. एकूण ८ टन, म्हणजे एका टायरवर २ टन. पण माल कधीच सारखा बसत नाही, खड्ड्यात एका चाकावर जास्त भार येतो. म्हणून टायरची ताकद या हिशेबापेक्षा थोडी जास्तच हवी. ती टायरच्या बाजूवर लिहिलेली असते. ९.००-१६ असे लिहिले असेल तर रुंदी सुमारे ९ इंच आणि आतल्या रिमचा व्यास १६ इंच. पुढे प्लायचा आकडा असतो. तो टायरच्या ताकदीची प्रत सांगतो. मोटारीचा टायर रिमवर बसला म्हणून तो ट्रॉलीचा होत नाही. मोटारीच्या टायरची बाजू मऊ असते, कारण बसणाऱ्याला आराम हवा. ओढल्या जाणाऱ्या गाडीला वळणावर फरफट सोसणारी कणखर बाजू हवी.

दुसरी गोष्ट वयाची. ट्रॉली वर्षातले कितीतरी महिने उभी असते. नक्षी शाबूत दिसते आणि मालकाला वाटते, टायर नवा आहे. पण ऊन रबराला म्हातारे करते. बाजूला बारीक चिरा पडतात, त्या नजरेला येत नाहीत. पूर्वी उन्हाळ्यात उभ्या बंडीची धाव सैल होई, तसेच हे. टायरवर एका लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो बनला. विकत घेताना नक्षीच्या आधी हा आकडा वाचावा.

तिसरी गोष्ट हवेची. हवा कमी असलेला टायर चालताना सारखा चेपतो आणि चेपून चेपून तापतो. तो बहुधा भर रस्त्यात आणि भरल्या गाडीत फुटतो. हवा थंड टायरमध्ये मोजावी. उन्हात चालून आल्यावर ती वाढलेली दिसते म्हणून काढून टाकू नये. आणि चौथी गोष्ट जोडीची. एका आसावर एक रेडियल आणि एक नायलॉन, एक नवा आणि एक जुना असे लावू नये. एक बैल तगडा आणि एक रोडका जुंपला तर जूं तिरके होते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

हे सगळे इतके महत्त्वाचे का? कारण ट्रॉलीत नेहमी मालच असतो असे नाही. सोयाबीन कापायला, कापूस वेचायला निघालेल्या बाया असतात. लग्नाचे वऱ्हाड असते, देवाला निघालेली माणसे असतात. ट्रॉली माणसांसाठी नाही, असे नियम सांगतो. खेड्यातली गरज त्या नियमाला रोज बाजूला सारते. अशी ट्रॉली उलटल्याची बातमी आपण आतल्या पानावर वाचतो. कारण म्हणून तिथे ‘टायर फुटल्याने’ एवढे दोन शब्द असतात. त्या दोन शब्दांमागे कुणीतरी केलेली एक निवड असते: स्वस्त होता, बसत होता, घेतला.

आता तर रस्ताच पालटला आहे. नागपूरहून मुंबईला जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग. काँक्रीटचा लांबच लांब रस्ता, सलग वेग, वर विदर्भाचे ऊन. सुरुवातीच्या काही महिन्यांतच अपघातांची चर्चा झाली आणि २०२३ मध्ये परिवहन विभागाने तिथे झिजलेल्या टायरांची तपासणी सुरू केली. इतिहासाने वर्तुळ पूर्ण केले म्हणा ना. शंभर वर्षांपूर्वी इंजिनिअरला चिंता होती की धाव रस्ता खाईल. आता चिंता आहे की रस्ता टायर खाईल. त्या महामार्गावर बंडीला प्रवेश नाही. तिला तिच्या पाच मैलांच्या वाटेवर सोडून आपण पुढे निघून आलो आहोत.

बंडीबरोबर तिचे शब्दही मागे पडत आहेत. तुंबा, आरे, पुठ्ठे, धाव हे शब्द माझ्या मुलांना सांगावे लागतात. शब्द गेले तर हळहळ वाटते, कवीला तर वाटणारच. पण त्याहून मोलाची होती ती लोहाराची विचारपूस. नवा टायर घेण्याआधी गाडी काय वाहणार, कुठल्या वाटेने जाणार आणि किती दिवस उभी राहणार, हे तो आधी विचारी. त्यात आपण आणखी एक प्रश्न घालायला हवा, जो दीडशे वर्षांत फारसा कुणी विचारला नाही: ओढणार कोण आणि आत बसणार कोण? या चार प्रश्नांची उत्तरे घेऊन दुकानात जावे. भाव नंतर विचारावा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)